आमिश प्रेमकथेतलं सोयीचं लग्न: कादंबरी कशी बांधायची

गरजेपोटी लग्न आणि मग त्याच घरात सावकाश उगवणारं प्रेम, हा आमिश प्रेमकादंबऱ्यांमधला सगळ्यात टिकाऊ कथाप्रकार आहे. आमिश म्हणजे मोटार, वीज अशा गोष्टींपासून दूर, घोडा-बग्गीवर साधं जगणारा अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ. तरी मराठी लेखकाला हा कथाप्रकार ओळखीचा वाटतो. आधी लग्न, मग ओळख, जमलं तर प्रेम, हा क्रम आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला. त्यामुळे लिहिताना हात भराभर चालतो, आणि तिथेच घात होतो. आमिश समाजात आईवडील स्थळं बघत नाहीत. सोळाव्या वर्षापासून मुलंमुली आपापल्या गटात मिसळतात, रविवारी रात्री गाण्याची बैठक संपली की मुलगा मुलीला बग्गीतून घरी सोडतो, आणि जोडीदार ज्याचा तो निवडतो. बघण्याचा कार्यक्रम नाही, देणंघेणं नाही, पत्रिका नाही. प्रेमाशिवाय लग्न तिथे अपवाद आहे. तो अपवाद का घडला हे वाचकाला पटवणं, हे पुस्तकाचं पहिलं काम.

दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची. आमिशांमध्ये घटस्फोट नाही. जोडीदार हयात असताना दुसरं लग्न करता येत नाही. इतर प्रेमकथांमध्ये चालणारा ‘वर्षभराचा करार, मग तू तुझ्या वाटेने’ हा प्रकार इथे उभाच राहत नाही. दार एकदा लागलं की लागलं. म्हणजे ‘हे वेगळे होतील का?’ या प्रश्नावर तीनशे पानं ओढता येत नाहीत. ‘हे असंच मरेपर्यंत राहणार का?’ हा प्रश्न घ्यावा लागतो, आणि तो जास्त चांगला आहे.

ठिकाण आधी, माणसं नंतर

याकोब आम्मान याने १६९३ मध्ये स्विस आणि आल्सेसच्या अ‍ॅनाबॅप्टिस्टांपासून आपला गट वेगळा केला; अ‍ॅनाबॅप्टिस्ट म्हणजे बाप्तिस्मा मोठेपणीच घ्यावा असं मानणारे ख्रिस्ती. अठराव्या शतकात हे लोक पेनसिल्व्हेनियात उतरले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या घरात आहे, पण ‘आमिशांमध्ये असं असतं’ असं सरसकट वाक्य लिहिताना दहादा विचार करा. पंचवीस-तीस-पस्तीस कुटुंबांची एक मंडळी, म्हणजे उपासनेला एकत्र जमणारा गट, आणि प्रत्येक मंडळीचे स्वतःचे नियम. त्या नियमांना ऑर्डनुंग म्हणतात आणि ते बहुतांशी तोंडीच असतात. एका मंडळीत गॅसवरचा फ्रिज चालतो, शेजारच्या कडक मंडळीत घरात नळही नसतो.

म्हणून पहिल्या दिवशी एक परगणा ठरवा आणि शेवटपर्यंत सोडू नका. पर्याय ढोबळमानाने तीन: पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, ओहायोतली होम्स काउंटी आणि तिचा परिसर, उत्तर इंडियानातल्या एल्कहार्ट आणि लाग्रेंज काउंट्या. ठिकाण ठरलं की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. लँकेस्टरची बग्गी करड्या छताची, ओहायो आणि इंडियानाची काळी. लँकेस्टरमध्ये शेतात खेचरं, पश्चिमेकडे बेल्जियन जातीचे भारी घोडे. इंडियानात सायकली दिसतात, लँकेस्टरमध्ये पायाने ढकलायच्या स्कूटर. बायकांच्या डोक्यावरची टोपी लँकेस्टरमध्ये मागून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची असते. आडनावंही वाटलेली आहेत: स्टोल्टझफस, लॅप, बायलर, किंग, फिशर ही लँकेस्टरची, तर योडर, मिलर, ट्रॉयर, हर्शबर्गर ही ओहायोची. होम्स काउंटीत स्टोल्टझफस आणलात तर तो तिथे कसा आला हे सांगायची जबाबदारी तुमची. ही आडनावं इतकी कमी आहेत की एका पोस्टाच्या हद्दीत तीन-चार जॉन लॅप सापडतात आणि मग टोपणनावं पडतात. कादंबरीत एक-दोन टोपणनावं जरूर द्या.

अंतरंही मोजून ठेवा. बग्गीचा घोडा बहुधा शर्यतीतून निवृत्त झालेला, स्टँडर्डब्रेड जातीचा असतो आणि दुडक्या चालीने तासाला बारा ते सोळा किलोमीटर जातो. घोड्याला झेपणार नाही इतका लांबचा प्रवास म्हणजे भाड्याची व्हॅन आणि बिगर-आमिश ड्रायव्हर. ‘ती संध्याकाळी रागाने माहेरी निघून गेली’ हे वाक्य लिहिण्याआधी माहेर किती दूर आहे ते नकाशावर बघा.

कारण: इथेच नव्वद टक्के पुस्तकं पडतात

ठरलेली सुरुवात अशी असते: तरुण विधवा, पदरात पोर, घरावर कर्ज, उद्या रस्त्यावर येणार, म्हणून अनोळखी माणसाशी लग्न. वाचायला बरं वाटतं, पण आमिश मंडळीत हे घडत नाही. तिथे विमा नसतो, स्वयंरोजगार करणाऱ्यांना १९६५ पासून सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेतूनही सूट आहे, आणि त्याची जागा मंडळीच घेते. डीकनकडे, म्हणजे मंडळीच्या सेवकाकडे, गरजूंसाठी निधी असतो. कोठार जळलं तर दोनशे माणसं येऊन ते उभं करतात. विधवेच्या शेतातला मका कापायला शेजारी न बोलावता हजर होतात. विधुराच्या घरी मंडळीतल्या अविवाहित मुली आलटून-पालटून कामाला येतात. त्यांना तिथे मॉड म्हणतात. एवढी जाळी पसरलेली असताना ‘उपाशी मरेल म्हणून लग्न केलं’ असं लिहिलंत, तर तुम्ही त्या समाजाचा कणाच काढून टाकलात.

तेव्हा कारण शोधताना एकच कसोटी लावा: मंडळी जे देऊ शकत नाही, असं काय आहे?

बिशपने, म्हणजे मंडळीच्या प्रमुखाने, लग्न करायला लावलं, हा लोकप्रिय तोडगा या कसोटीवर टिकत नाही. वादळात दोघं एका झोपडीत अडकले, लोक बोलायला लागले, बिशपने हुकूम दिला, वगैरे. बिशपला तसा अधिकार नाही. लग्न दोघांच्या राजीखुशीचंच असावं लागतं. मृत्युपत्रातली अट (‘तिशीच्या आत लग्न केलं तरच शेत मिळेल’) हीसुद्धा उसनी वाटते. पण त्याच्या जवळचं एक खरं कारण आहे. लँकेस्टरमध्ये शेतजमीन एकराला पंधरा-वीस हजार डॉलरच्या पुढे जाते, आणि बाप आपलं शेत बहुतेक वेळा लग्न झालेल्या मुलाला देऊन स्वतः शेजारच्या छोट्या घरात, डावडी हाउसमध्ये, राहायला जातो. अविवाहित मुलाला शेत नाकारलं असं कोणी म्हणत नाही. फक्त बाप थांबून राहतो. ही न बोललेली अट कादंबरीला चांगली पुरते.

दुसरं भक्कम कारण नव्या वसाहतींचं. जमीन महागली की पाच-दहा कुटुंबं केंटकी, न्यूयॉर्क, मेन, मोन्टाना अशा ठिकाणी जातात. तिथे लग्नाच्या वयाची मुलगी बहुधा कोणाची तरी चुलत किंवा मावस बहीण निघते, आणि सख्ख्या चुलत-मावस भावंडांत लग्न होत नाही. अशा वसाहतीतला पुरुष पत्रांतून बायको शोधेल यात नवल नाही. ओहायोतल्या शुगरक्रीकमधून १८९० पासून निघणाऱ्या ‘द बजेट’ साप्ताहिकात गावोगावची पत्रं छापून येतात. कोण आजारी, कोणाकडे पाहुणे, पाऊस किती झाला, सगळं. तशा एका पत्रातून पहिली ओळख सुरू करता येते.

लग्नाआधी राहिलेला गर्भ हे कारण वापरायचं असेल तर जपून. बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीला मंडळीपुढे गुडघे टेकून कबुली द्यावी लागते, काही आठवडे बहिष्कार सोसावा लागतो, आणि मग क्षमा होते. क्षमा झालेली गोष्ट पुन्हा उकरून काढू नये असा दंडक आहे. ‘गावाने तिला आयुष्यभर वाळीत टाकलं’ हे चूक. लोक गप्प बसतात आणि तरी ते गप्प बसणं तिला ऐकू येतं, हे बरोबर.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक नमुना घेऊ. लँकेस्टर काउंटी. एलम बायलर, ३४, साठ एकर, चाळीस गाई. बायको फेब्रुवारीत गेली. आता पुढच्या वर्षीचा एप्रिल आहे. मुलं तीन: लीआ नऊ, सॅम्युअल सहा, धाकटी सोळा महिन्यांची. मॉड येतात, पण दर काही आठवड्यांनी बदलतात आणि धाकटी प्रत्येक वेळी नव्याने रडते. मुलांची इंडियानातली मावशी पत्र लिहिते, की धाकट्या दोघांना आम्ही वाढवतो. यात कोणी खलनायक नाही, मावशी मायेनेच बोलते आहे. म्हणून नकार देणं अवघड आहे, आणि म्हणूनच हे कारण चालतं. मंडळी मदत देते, पण तीच मदत मुलांची ताटातूट करणार आहे.

रेबेका फिशर, २८, एका खोलीच्या शाळेतली शिक्षिका. आठ इयत्ता, अठ्ठावीस मुलं, त्यांत लीआ आणि सॅम्युअल. आमिश मुली साधारण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी लग्न करतात, त्यामुळे अठ्ठाविसावं म्हणजे गावाने हिशोबातून काढलेलं वय. तिचं कारण काय? मरणाऱ्या मैत्रिणीला दिलेलं वचन वगैरे घालू नका, ते वापरून गुळगुळीत झालंय. तिला स्वतःचं घर आणि मुलं हवी आहेत, एवढं साधं कारण ठेवा. आणि तिला किंमत मोजायला लावा: लग्न झालं की शाळा सुटते. जी गोष्ट तिला उत्तम जमते, तीच ती देऊन टाकते आहे.

सौदा कागदावर मांडा

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी, फक्त स्वतःसाठी, दोघांमधला करार लिहून काढा. तो काय देणार, ती काय देणार, कशाची मागणी करायची नाही, आणि प्रत्येकाने काय लपवलंय. दहा-बारा ओळी पुरतात. ‘मागणी करायची नाही’ या रकान्यात जे लिहाल, तेच पुढे मागितलं जाणार. ‘लपवलंय’ या रकान्यात दोन्हीकडे एक-एकच नोंद ठेवा. तीन-चार गुपितं झाली की कथा पोलिसी तपासाच्या अंगाने जायला लागते.

मागणीचा प्रसंग छोटा आणि कोरडा असावा. असा:

शाळा सुटली होती. तो उंबऱ्यात उभा राहिला, टोपी हातात.

“लीआची मावशी धाकट्या दोघांना न्यायला तयार आहे. इंडियानाला.”

“आणि लीआ?”

“ती माझ्याकडे राहील.”

रेबेकाने फळा पुसणं थांबवलं नाही. “तू काय कळवलंस?”

“अजून काही नाही. आधी तुला विचारावं म्हटलं.” टोपी या हातातून त्या हातात गेली. “घर आहे. मुलं आहेत. बाकीचं मला सध्या जमेल असं वाटत नाही.”

“बाकीचं मी मागितलं तर?”

“तर मला खोटं बोलावं लागेल.”

इथे थांबा. तिचा होकार पुढच्या प्रकरणात, तोही तिच्या बाजूने. याच पानावर डोळ्यांच्या निळेपणाचं वर्णन घातलंत तर सौदा सौदा राहत नाही.

लग्न लागेपर्यंतचे टप्पे

घाईचं लग्न आमिश रीतीत जवळजवळ बसतच नाही, आणि बहुतेक लेखक हे टप्पे उडवून देतात. उडवू नका, फुकटचं नाट्य आहे हे.

दोघांचा बाप्तिस्मा झालेला असावा लागतो. तो साधारण अठरा ते बावीस या वयात होतो आणि त्याआधी १६३२ च्या डॉर्ड्रेख्ट विश्वासनाम्यातल्या अठरा कलमांचं उन्हाळाभर शिक्षण असतं. नायक बिगर-आमिश असून ‘तिच्यासाठी आमिश झाला’ असं कथानक असेल, तर वर्ष-दोन वर्षांचा हिशोब धरा. नायक दुसऱ्या मंडळीतला असेल तर तिथून त्याच्या चांगल्या वागणुकीचा दाखला लागतो. मग डीकन अंधार पडल्यावर गुपचूप मुलीकडे जाऊन तिची मर्जी विचारतो. त्याला श्टेक्लीमान म्हणतात. या प्रसंगात तिला खोटं बोलावं लागतं का? डीकन ‘प्रेम आहे का’ असं विचारत नाही. तो विचारतो, की तू लग्नाला मोकळी आहेस का आणि तुझी इच्छा आहे का. दोन्हींना ती खरेपणाने हो म्हणू शकते. त्या दोन होकारांमध्ये तिचा जीव कसा अडकतो, हे लिहायला जागा आहे.

मग मंडळीत घोषणा. लँकेस्टरच्या जुन्या रीतीप्रमाणे त्या रविवारी मुलगी उपासनेला जातच नाही, ती घरी स्वयंपाक करत थांबते. डीकनने नावं वाचली की मुलगा शेवटच्या गीताच्या आधी उठून बाहेर पडतो आणि घोडा हाकत तिच्याकडे जेवायला येतो. दोघंच, टेबलावर समोरासमोर, आणि गावाला आत्ताच कळलेलं. प्रेमाच्या लग्नात हा प्रसंग गोड होतो. सोयीच्या लग्नात तो अवघडलेला होतो, आणि म्हणून जास्त कामाचा.

तिथली लग्नं पिढ्यानपिढ्या नोव्हेंबर-डिसेंबरात, मंगळवारी किंवा गुरुवारी होत आली. आता संख्या वाढल्यामुळे हंगाम लांबलाय. आधी शेतीची कामं संपतात, ऑक्टोबरात प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) होतं, मग लग्नं. विधुराचं लग्न मात्र वर्षात केव्हाही आणि छोटेखानी होऊ शकतं. म्हणून आपल्या नमुन्यात मे महिना चालतो: शाळा मेच्या पूर्वार्धात संपते, पत्नीच्या मरणाला वर्ष उलटून गेलंय, काळ्या कपड्यांचा काळ संपलाय. हेच लग्न मरणानंतर चार महिन्यांत लावलंत, तर कुजबुज हा कथेचा भाग करावाच लागेल.

लग्नाचा दिवस लिहिताना क्रम पक्का ठेवा. सकाळी साडेआठच्या सुमारास उपासना, नवरीच्या घरी. लोक गात असताना बिशप आणि उपदेशक जोडप्याला वरच्या खोलीत नेऊन चार गोष्टी सांगतात. परत आल्यावर लांबलचक उपदेश, ज्यात ‘तोबीत’ या जुन्या धर्मग्रंथातली तोबियास आणि सारा यांची कथा येते. दुपारच्या सुमारास शपथा. अंगठी नाही, फुलं नाहीत, चुंबन नाही. नवरीचा पोशाख बहुधा निळा, तिनेच शिवलेला, वर पांढरा एप्रन. हा पांढरा एप्रन जपून ठेवतात आणि पुढे तिला पुरताना घालतात. शपथांमध्ये निष्ठा, आजारपणातली सोबत आणि सहनशीलता यांची वचनं असतात. रेबेका आणि एलम ती वचनं प्रामाणिकपणे देऊ शकतात. त्यांना टोचते ती गोष्ट शब्दांच्या बाहेर आहे.

जेवण म्हणजे रोश्ट, अर्थात ब्रेडच्या तुकड्यांबरोबर भाजलेलं कोंबडीचं मांस, सोबत कुस्करलेला बटाटा, ग्रेव्ही आणि सायीच्या रश्शातली सेलरी. जुन्या लोकांच्या भाषेत, मळ्यात उन्हाळ्यात सेलरीचे वाफे जास्त दिसले की त्या घरी पोरीचं लग्न आहे असं समजावं. पहिल्या लग्नाला दोनशे ते चारशे माणसं, विधुराच्या लग्नाला त्याहून पुष्कळ कमी. कोपऱ्यातल्या मुख्य टेबलावर (त्याला ‘एक’ म्हणतात, त्यांच्या बोलीत कोपरा) नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते, बग्गीत बसते तशीच.

एक गोष्ट फार थोडे लेखक वापरतात. पहिल्या लग्नाचं जोडपं रीतीप्रमाणे लगेच वेगळं राहत नाही. पहिली रात्र नवरीच्या घरी, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून धुणीभांडी, आणि मग हिवाळाभर दर शनिवार-रविवार नातेवाइकांकडे मुक्काम, तिथेच आहेर मिळतो. स्वतःचं घर वसंतात. ‘एकच खोली, एकच पलंग’ हा प्रकार उसनं वादळ किंवा भरलेलं हॉटेल न आणता इथे आपोआप मिळतो, तोही आठवड्यागणिक नव्या घरात, कौतुकाने बघणाऱ्या आत्या-मावश्यांसमोर. नायक विधुर असला तर हे सोडावं लागतं, कारण ती थेट त्याच्या घरात, दुसरीच्या स्वयंपाकघरात, जाते.

घर: मधली दोनशे पानं

पहिली बायको या कथेत नेहमी हजर असते, आणि आमिश घरात तिचा फोटो नसतो. फोटो काढणं निषिद्ध. तेव्हा चेहऱ्याच्या वर्णनाचा सोपा मार्ग बंद. तिला वस्तूंमधून आणा: पाककृतींच्या वहीतलं अक्षर, एका मापाच्या पातेल्याची ठरलेली जागा, अर्धवट शिवलेली गोधडी, कपाटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली मुरंब्याच्या बरण्यांची संख्या. रेबेका पहिल्या सोमवारी पातेल्याची जागा बदलते आणि लीआ काही न बोलता ते परत जुन्या जागी ठेवते. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

रोजचं वेळापत्रक हाताशी ठेवा. दूध पहाटे साडेचार-पाचला आणि पुन्हा संध्याकाळी. सोमवार धुण्याचा, लहानशा इंजिनावर चालणाऱ्या पिळणीच्या यंत्रावर, आणि दोरी कोठाराच्या टोकापर्यंत कप्पीवर ओढलेली. जूनमध्ये अल्फाल्फाची कापणी आणि तंबाखूची लावणी, सप्टेंबरात मका कापून सायलो भरणं, मध्ये बरण्या भरण्याचा हंगाम. शाळेत जाईपर्यंत मुलं घरची जर्मन बोलीच बोलतात, म्हणून धाकटीच्या तोंडी इंग्रजी शब्द घालू नका.

वेगळ्या खोल्यांचा प्रश्न सोपा वाटतो, कारण आमिश घरं मोठी असतात. पण अंगणापलीकडे डावडी हाउसमध्ये त्याचे आईवडील आहेत आणि रात्री वरच्या मजल्यावर दोन खिडक्यांत दोन दिवे दिसतात. सासू काही विचारत नाही. मराठी लेखकाला इथे सासूची बोलणी लिहायचा मोह होतो. तो आवरा. तिथे थोरली पिढी स्वतंत्र चुलीवर राहते आणि न सांगता तोंड घालत नाही. तिने एका सकाळी केरोसीनचा डबा जरा जास्त भरून पाठवला, एवढं पुरे.

जवळीक पायऱ्यांनी वाढू द्या आणि प्रत्येक पायरी कामातून येऊ द्या. मूक प्रार्थना हे या प्रकारातलं सगळ्यात चांगलं हत्यार आहे. जेवणाआधी आणि जेवणानंतर सगळे मान खाली घालतात, कोणी मोठ्याने बोलत नाही, साधारण प्रभूची प्रार्थना मनात म्हणायला लागेल तेवढा वेळ. घरचा पुरुष मान वर करतो तेव्हा संपतं. आता चौथ्या प्रकरणात एलमची प्रार्थना लवकर संपते आणि अकराव्यात तो उशिरापर्यंत मान वर करत नाही, हे रेबेकाला जाणवतं. काय मागितलं ते कोणी सांगत नाही.

पुरुष अविवाहित असेल तर दाढी हे घड्याळ म्हणून वापरा. लग्नानंतर दाढी वाढवतात, मिशी कधीच नाही. नव्या नवऱ्याचे खुंट पहिल्या महिन्यात, सहाव्या महिन्यात हनुवटीखाली उतरलेले केस. विधुराला आधीच दाढी असते. नवा विधुर गुळगुळीत हनुवटीचा दाखवणं ही मुखपृष्ठांवरसुद्धा दिसणारी चूक आहे.

मध्यबिंदूला उपासनेची पाळी आणा. मंडळी एक आड एक रविवारी भरते, घरोघरी, म्हणजे प्रत्येक घराची पाळी वर्षातून साधारण एकदा येते. आदल्या आठवड्यात भिंती धुतात, चुलीमागचासुद्धा कोपरा घासतात. बाकांची गाडी आदल्या घरून येते. दीडशे-दोनशे माणसं तीन तास बसतात, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. सोळाव्या शतकातल्या औसबुंड पुस्तकातली गीतं इतकी संथ गातात की दुसरं गीत, लोबलीड, वीस मिनिटं चालू शकतं. नंतर जेवायला ब्रेड, शेंगदाण्याचं गोड लोणी, लोणच्याच्या काकड्या, बीट, चीज, सुकवलेल्या सफरचंदाचा पाय, कॉफी. त्या दिवशी सगळी गाववस्ती तुमच्या नायक-नायिकेच्या घरात असते, कोट ठेवायला वरच्या खोल्यांत जाते, आणि पलंग किती खोल्यांत अंथरलेत ते बघते. त्यांना नवरा-बायको म्हणून एकत्र काम करावं लागतं आणि ते त्यांना जमतं, हा धक्का दोघांनाही बसू द्या.

पेच: सोय काढून घ्या

गैरसमज, लपवलेलं पत्र, जुनी प्रेयसी परत येणं, हे सगळं तिसऱ्या अंकात वापरून झालंय. या कथाप्रकाराचा खरा पेच एकच: ज्या गरजेसाठी लग्न झालं, ती गरजच संपवा. आपल्या नमुन्यात सप्टेंबरात एलमची मोठी अविवाहित बहीण केंटकीहून परत येते, कारण तिकडची छोटी वसाहत मोडली. नव्या वसाहती मोडतात, हे नेहमीचं आहे. बहीण कामसू, मुलांना आवडणारी. धाकटी तिच्या कडेवरून उतरत नाही. रेबेका हिशोब करते: मुलांना माणूस मिळालं, शाळेत नवी शिक्षिका आली, मग मी इथे कशासाठी? लग्न तर मोडता येत नाही. आता प्रेमाशिवाय उत्तर नाही.

हा पेच सोडवायला आमिश वर्षातच जागा आहे. वसंतात आणि शरदात प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी परिषदेची उपासना होते. त्यात नियम पुन्हा सांगितले जातात आणि प्रत्येक सभासदाला विचारलं जातं, की तू देवाशी आणि सगळ्यांशी समेटात आहेस का. मतभेद मिटले नाहीत तर अख्ख्या मंडळीचं प्रभुभोजन पुढे ढकललं जाऊ शकतं. ऑक्टोबरात बायकांच्या रांगेतून प्रश्न सरकत रेबेकापर्यंत येतो. ‘हो’ म्हणायचं तर खोटं, ‘नाही’ म्हणायचं तर घरातलं चव्हाट्यावर. हा प्रसंग आदल्या रात्रीपासून लिहायला घ्या. खुलासा रात्री व्हावा की परिषदेनंतर, हे तुमच्या स्वभावावर. आदल्या रात्री गोठ्यात झालेला अर्धवट खुलासा आणि सकाळी तिने अर्धा श्वास घेऊन म्हटलेलं ‘हो’, असा विभागलेला शेवट जास्त खरा वाटतो. जाहीर प्रेमकबुली टाळा, मंडळीपुढे कोणी तसं बोलत नाही.

नेहमी चुकणाऱ्या गोष्टी

बहिष्कार फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यांवर लागतो. सोळा-सतराव्या वर्षी, बाप्तिस्म्याआधी, समाज सोडून गेलेल्या भावाशी घरचे बोलू शकतात, जेवू शकतात. अर्ध्या कादंबऱ्यांचं कथानक या चुकीवर उभं असतं. प्रार्थनेचा सूर दुसरा खड्डा: ‘मला तारण मिळालं’ असं ठामपणे सांगणं आमिश माणसाला उद्धटपणाचं वाटतं. तो आशा आहे एवढंच म्हणेल. नायिकेला पानोपानी देवाशी मोठ्याने बोलायला लावू नका.

धर्माच्या शब्दांसाठी मराठी ख्रिस्ती लोकांची भाषा आयती आहे: मंडळी, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, उपदेश, गीत. ‘होली कम्युनियन’ लिहिण्यापेक्षा ते कितीतरी बरं. घरच्या बोलीतले सहा-सात शब्द पुरतात: माम (आई), डॅट (बाबा), ग्रॉसमम्मी (आजी), डँकी (धन्यवाद), या (हो). मुलांसाठीचा शब्द देवनागरीत ‘किन्नर’ होतो, तो सोडाच. नवरा-बायको पहिल्या पानापासून अरे-तुरेच करतील, ‘अहो’ नाही. थोरांना तुम्ही म्हणा, पण काका, साहेब, फादर असं काही लावू नका. तिथे बिशपलाही नावानेच हाक मारतात.

लांबी आणि मांडणी

इंग्रजीत लिहायचं असेल तर हार्लेक्विन या प्रकाशनाच्या लव्ह इन्स्पायर्ड मालिकेची अपेक्षा ५५,००० शब्दांची आहे. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढाच ऐवज ४०,००० ते ४५,००० शब्दांत बसतो. वीस ते बावीस प्रकरणं, तृतीय पुरुषी, एक त्याच्या बाजूने, एक तिच्या. मागणी पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात, लग्न चौथ्याच्या आत. सातव्यापर्यंत लग्नच लागलं नाही तर वाचक वैतागतो, कारण तो लग्नानंतरचं वाचायला आलाय. उपासनेची पाळी दहाव्या-अकराव्यात, बहिणीचं आगमन पंधराव्यात, परिषद एकोणिसाव्यात. चुंबन एकच, चौदाव्याच्या आसपास, आणि त्यापुढचं दार वाचकासाठी बंद. दार बंद ठेवणं हा या बाजाराचा पक्का नियम आहे आणि प्रकाशक त्यात सूट देत नाहीत.

उपसंहारात बाळ आणायची प्रथा आहे. आणलं तरी चालतं, पण आपल्या नमुन्यात त्याहून नेमकी गोष्ट म्हणजे एप्रिलमधली शाळेची सहल: रेबेका आता आई म्हणून डबे घेऊन येते, नवी शिक्षिका तिला मुलांचे गट कसे पाडायचे ते विचारते, आणि लीआ कोणाच्या शेजारी बसते ते तुम्ही ठरवा.